जोधपूर–जैसलमेर–बिकानेर पॅकेज: पैसे भरण्याआधी काय काय बदलून घ्यावं

हिवाळ्यात 'मारवाड' किंवा 'वाळवंटी राजस्थान' या नावाने जी कौटुंबिक सहल विकली जाते, तिचा साचा टूरवाला कुणीही असला तरी जवळपास तोच असतो. पाच रात्री, सहा दिवस. जोधपूरला एक मुक्काम, जैसलमेरला एक, समच्या वाळूत तंबूत एक, बिकानेरला एक आणि शेवटचा पुन्हा जोधपूरला. प्रदेशाला पाचपैकी पाच गुण द्यावेत असा आहे. या साच्याला मात्र तीनच देता येतात, कारण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही चुकीच्या ठिकाणी जातात. मेहरानगढ दीड तासात उरकला जातो, समच्या तंबूवर सगळ्यात महाग रात्र खर्च होते आणि नागौरचा अप्रतिम किल्ला अगदी वाटेवर असूनही गाडी तिथे थांबत नाही. सुदैवाने हे सगळं आधी सांगून बदलून घेता येतं. बहुतेक टूरवाले तयार होतात, फक्त ते आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आणि लेखी झालं पाहिजे.

पहिली मागणी जोधपूरला दोन रात्रींची करा. मेहरानगढला निदान चार तास द्यावे लागतात. राव जोधाने 1459 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला शहरापासून सुमारे 120 मीटर उंच कातळावर आहे, आणि पाहणाऱ्याची इतकी काळजी घेणारे किल्ले आपल्या देशात फार थोडे आहेत. 1972 पासून एक विश्वस्त संस्था तो सांभाळते. पाट्या वाचता येतात, दालनांमध्ये उजेड नीट आहे, स्वच्छतागृहं वापरण्याजोगी आहेत. ऑडिओ गाइड हिंदीत मिळतो आणि तो घ्यायलाच हवा. कानाला लावून आपल्या चालीने फिरता येतं, आजोबा बसले तर कुणाचा खोळंबा होत नाही. त्यासाठी ओळखपत्र अनामत ठेवावं लागतं, म्हणून कुटुंबातल्या एकाने मूळ ओळखपत्र खिशात ठेवावं. मोबाइलमधला फोटो तिथे चालेलच असं नाही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. सकाळी नऊला किल्ला उघडतो तेव्हा तिथे रांग नसते, अकरानंतर अर्धा तास सहज जातो. लिफ्टने वर जायचं, दालनं पाहत पाहत खाली यायचं आणि दरवाजे उतरताना पाहायचे, हा क्रम ज्येष्ठांना सगळ्यात सोयीचा. उतरताना लोहापोळ या दरवाजापाशी जरा थांबा. तिथे वाट एकदम काटकोनात वळते आणि दारावर अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून केलेली ही रचना आहे. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजामागे हाच विचार असतो, हे मुलांना तिथल्या तिथे दाखवता येतं. त्याच दरवाजाच्या भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर आणि वर्ख लावलेले. अगदी लहान, मुलीच्या हाताएवढे. मुलं प्रश्न विचारणारच, उत्तराची तयारी ठेवा.

दालनांपैकी फूलमहाल आणि तखतविलास यांच्यापुढे गर्दी थबकते, हौद्यांच्या दालनातून मात्र लोक भरभर पुढे सरकतात. तिथे शाहजहानने महाराजा जसवंतसिंहांना दिलेला चांदीचा हौदा आहे. हेच ते जसवंतसिंह, जे 1663 मध्ये शाहिस्तेखानाबरोबर दख्खनेत होते आणि पुढे सिंहगडाला वेढा घालून बसले. मराठी माणसाने या हौद्यापुढे पाच मिनिटं उभं राहावं. सर्वांत शेवटी तोफांच्या तटावरून चामुंडा मातेच्या देवळाकडे जाता येतं. खाली निळी घरं दिसतात ती इथूनच. नवरात्रात या बाजूला प्रचंड गर्दी असते, लहान मुलं बरोबर असतील तर ते दिवस टाळा.

किल्ल्याला लागूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तो कोणत्याही पॅकेजमध्ये सापडत नाही, आणि मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती हीच जागा. सुमारे 72 हेक्टर कातळावर विलायती बाभळीचं रान माजलं होतं. 2006 पासून खाणीत दगड फोडणाऱ्या कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने खडकातली मुळं काढली आणि त्या खड्ड्यांत थर वाळवंटातलीच झाडं लावली. वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे, हे इथे तासाभरात कळतं. सकाळी लवकर जा, बूट घाला. जसवंत थडा ही राजघराण्याची संगमरवरी समाधी हाकेच्या अंतरावर आहे, त्याला अर्धा तास पुरतो. उमेदभवनाबद्दल मात्र अपेक्षा आवराव्यात. 1929 ते 1943 या काळात दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेला हा 347 खोल्यांचा राजवाडा बाहेरून भव्य आहे, पण त्यात हॉटेल आणि राजघराण्याचं निवासस्थान आहे. तिकीट काढून दिसतं ते एक छोटं संग्रहालय आणि जुन्या मोटारी. वेळ कमी असेल तर पहिली काट यावर मारा.

जोधपूरच्या जुन्या शहरातली हवेली-हॉटेलं देखणी असतात, पण उंच पायऱ्यांचे अरुंद जिने असतात आणि लिफ्ट क्वचित. गाडी दारापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा रिक्षाने किंवा पायी. तळमजल्याची खोली मिळत असेल तरच ज्येष्ठांसाठी घ्या, नाहीतर शहराबाहेरचं साधं हॉटेल बरं.

आता गाडीचा हिशेब, कारण वाद होतो तो इथेच. भाड्याच्या गाडीला साधारणपणे रोजचे किमान 250 किलोमीटर लावले जातात, गाडी उभी राहिली तरी. म्हणून जोधपूरच्या दोन दिवसांसाठी गाडी घेऊच नका. जुन्या शहरात ती शिरत नाही, रिक्षाने सगळं होतं. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा. जोधपूरहून ओसियां, फलोदीमार्गे जैसलमेर सुमारे 310 किलोमीटर, जैसलमेर शहर 20, कुलधरामार्गे सम 45, समहून जैसलमेरमार्गे बिकानेर 375, बिकानेर–नागौर–जोधपूर 250. बेरीज झाली 1,000. पाच दिवसांचे किमान म्हणून तुम्ही भरणार 1,250. म्हणजे ओसियां, कुलधरा किंवा नागौरसाठी 'जादा साइटसीइंग'चे पैसे कुणी मागितले तर ते देण्याचं काही कारण नाही, ते किलोमीटर तुम्ही आधीच विकत घेतलेले असतात. टोल, पार्किंग, राज्याचा परवाना कर आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता दरात धरलाय की वेगळा, हे चारही मुद्दे एकेक करून विचारा. 'सगळं इन्क्लुडेड' या उत्तरावर समाधान मानू नका.

सहा माणसं असतील तर एर्टिगावर भागत नाही. तिसरी रांग उघडली की मागे दोन लहान बॅगा मावतात, बाकी सगळं टपावर जातं. टपाला कॅरियर आहे का आणि ताडपत्री आहे का, ते बघा. पाऊस नसला तरी धूळ प्रत्येक चेनमधून आत शिरते. इनोव्हा घेतली तर पाठीचं दुखणं असलेल्यांना 375 किलोमीटरचा दिवस सुसह्य होतो. ड्रायव्हरशी पहिल्याच दिवशी प्रेमाने पण स्पष्ट बोला: आपण विचारल्याशिवाय हस्तकलेच्या दुकानात थांबायचं नाही. रस्त्यावरच्या अशा दुकानांतून चालकाला कमिशन मिळतं, ते तुमच्याच बिलात धरलेलं असतं. त्याचं नुकसान होऊ नये असं वाटत असेल तर शेवटी बक्षीस जरा मोठं द्या.

जोधपूर–जैसलमेर सरळ गेलात तर 280 किलोमीटर आणि पाच तास. ओसियांमार्गे 30 किलोमीटरच वाढतात. ओसियांला आठव्या शतकातलं महावीराचं मंदिर आणि टेकडीवरची सच्चियाय माता आहे. पुढे फलोदीजवळ खीचनला हिवाळ्यात हजारो करकोचे उतरतात, तिथे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात, म्हणून ते इतक्या जवळून दिसतात. दाणे टिपायचा गोंधळ पहाटे असतो, दुपारी पोचलात तर पक्षी तळ्याच्या काठी दिसतात. तेही पुरेसं आहे. सप्टेंबरअखेर ते मार्च सोडून गेलात तर मात्र तिथे पाहायला काही नसतं.

जैसलमेरचा किल्ला पाहावा, पण त्यात राहू नये. जाहिरातीत 'जिवंत किल्ल्यात मुक्काम' हे सगळ्यात मोठं आकर्षण असतं, म्हणून याचं कारण सांगायला हवं. 1156 मध्ये रावळ जैसलने वसवलेला हा गड त्रिकूट टेकडीवर आहे आणि टेकडीच्या थरांमध्ये मऊ चिकणमाती आहे. आठशे वर्षं माणसं डोक्यावरून पाणी आणत, ते जपून वापरत, सांडपाणी थोडं आणि उघड्या गटारांतून वाहून जात असे. मग नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. पाणी खाली मुरतं, माती फुगते आणि सरकते, 99 बुरुजांपैकी काही ढासळले. जगभरातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत या किल्ल्याचं नाव 1996 मध्ये आलं. 2013 मध्ये राजस्थानातल्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा झाला, पण पाणी मुरायचं थांबलेलं नाही. गडाखाली, तटाकडे गच्ची असलेलं हॉटेल घ्या. संध्याकाळी पिवळा दगड पेटल्यासारखा दिसतो, तो बाहेरूनच दिसतो. गडात बसून नाही.

गडावर सकाळी जा. जैन मंदिरं पर्यटकांना सकाळच्याच वेळात पाहता येतात. दुपारी गेलेली कुटुंबं बंद दारापुढे फोटो काढून परततात, आणि पॅकेजमध्ये ही भेट हमखास दुपारीच ठेवलेली असते. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स आत चालत नाही. ते हॉटेलवर ठेवून आलात तर रांगेत कटकट होत नाही. राजमहालाचे जिने अरुंद आणि दारं ठेंगणी आहेत, उंच माणसांनी कपाळ सांभाळावं. गल्ल्यांत गायी आणि दुचाकी दोन्ही असतात, लहान मुलांचा हात सोडू नका.

पटवा हवेली म्हणजे पाच हवेल्यांचा समूह, एकोणिसाव्या शतकात अर्धशतकाहून जास्त काळ बांधकाम चाललं. इथे दोन वेगवेगळी तिकिटं विकली जातात: एक खासगी संग्रहालयाचं, सामानसुमानाने सजवलेलं, दुसरं सरकारी, बरंचसं रिकामं. एकच पाहायचं असेल तर मुलांसाठी पहिलं, दगडकाम निवांत न्याहाळायचं असेल तर दुसरं. जाळीजवळ जाऊन दोन दगडांचा सांधा बघा. चुन्याचा थर नाही, एका दगडाच्या खाचेत दुसऱ्याचा कंगोरा बसवलाय, सुतार लाकडाचा सांधा बसवतो तसा. नथमल हवेलीचे दोन भाग दोघा भावांनी वेगवेगळे कोरले, समोर उभं राहून डावी-उजवी बाजू ताडून पाहायला मुलांना मजा येते.

आता सम. सगळ्यात जास्त तक्रारी याच मुक्कामाच्या असतात आणि त्या बहुतेक वेळा खऱ्या असतात. जैसलमेरपासून सुमारे 42 किलोमीटरवर वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे, फार मोठा नाही. शेकडो तंबू रस्त्याच्या कडेने उभे आहेत, वाळूत नव्हे. डिसेंबरमध्ये इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पाच वाजल्यापासून सगळ्या कॅम्पचे उंट, जीप आणि माणसं त्याच एका पट्ट्यावर जमतात. 'वाळवंटातली शांतता' हवी असेल तर ती सूर्योदयाला मिळते. सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, पावणेसातला स्वेटर घालून बाहेर पडा. वाळू गार असते, रात्री फिरलेल्या किड्यांच्या आणि पक्ष्यांच्या पावलांची नक्षी तिच्यावर ताजी असते, आणि आसपास कुणी नसतं.

उंटाची फेरी पॅकेजमध्ये 'समाविष्ट' असते, पण किती वेळाची ते लिहिलेलं नसतं. बहुधा पंधरा-वीस मिनिटांतच उतरवतात आणि पुढच्या टेकडीसाठी वेगळे पैसे मागतात. मिनिटं आधी ठरवा. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, पुन्हा झोक पुढेच. दोन्ही वेळा पाठ मागे रेलून खोगिराची पुढची मूठ घट्ट धरायची. मुलाला पुढे आणि मोठ्या माणसाला मागे बसवा. जीप सफारी मात्र पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी करूच नये. उघड्या जीपमध्ये दांडा धरून उभं केलं जातं, पट्टा नसतो आणि टेकडीवरून उतरताना जो दणका बसतो तो थेट मणक्यात जातो. सफारी नको म्हटलं तर पैसे वजा करायला सांगा, करतात.

संध्याकाळच्या कार्यक्रमाचं दुःख वेगळं आहे. लंगा आणि मांगणियार ही पिढ्यान्‌पिढ्या गाणारी माणसं. कमायचा, सिंधी सारंगी, खडताल, मोरचंग ही वाद्यं समोर दोन हातांवर वाजताना ऐकायला मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे. कालबेलिया नृत्याला 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. पण पुष्कळ कॅम्पांत हे अर्ध्या तासात गुंडाळून डीजे लावतात, आणि शेजारच्या तीन कॅम्पांचे भोंगे त्यात मिसळतात. बुकिंग करताना विचारा: डीजे आहे का, किती वाजता बंद होतो, कलाकार किती वेळ गातात. उत्तर आवडलं नाही तर कॅम्प बदला किंवा जैसलमेरच्या दक्षिणेला खुडीकडे जा. तिथे टेकड्या लहान आहेत, सोयी साध्या आहेत, पण रात्री तारे दिसतात आणि गाणं कानावर पडतं.

तंबूत पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. जानेवारीत रात्रीचं तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, म्हणून माणशी दोन रजया मागून घ्या, तंबूत शिरल्या शिरल्या मागा. गरम पाणी ठरावीक वेळेतच असतं. भूजल मचूळ असतं, साबणाला फेस येत नाही, पिण्यासाठी बाटलीबंद पाणी बरोबर ठेवा. गवतातून चालताना भुरट नावाची काटेरी बोंडं मोज्यांना चिकटतात. ती हाताने ओढू नका, कंगव्याने काढा.

समच्या वाटेवर कुलधरा हे पालीवालांचं ओस पडलेलं गाव आहे. भुताच्या गोष्टी सोडा, घरांची मांडणी बघा: रस्ते सरळ, प्रत्येक घराला अंगण. दुपारच्या उन्हात जाऊ नये, सावली नाही. याच बाजूला डेझर्ट नॅशनल पार्कचं क्षेत्र सुरू होतं, म्हणजे आपल्या माळढोकचं आजचं मुख्य घर. तो दिसेल असं आश्वासन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

तनोट आणि लोंगेवाला जोडायचं असेल तर एक दिवस वाढवा, फेरी सुमारे 270 किलोमीटरची होते. मग सहा दिवसांचे 1,500 भरून 1,270 वापरले जातात, म्हणजे तरीही जादा किलोमीटर लागत नाहीत. तनोट मातेचं देऊळ सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात, तिथे न फुटलेले बॉम्ब ठेवलेले आहेत. लोंगेवालाला डिसेंबर 1971 च्या रणगाड्यांच्या लढाईचं मैदान आहे. रामगढला इंधन भरून घ्या. जेवणाचा डबा जैसलमेरहूनच न्या.

बिकानेरचा जुनागढ सपाट जमिनीवर आहे, चढ नाही, म्हणून थकलेल्या पायांना तो शेवटी बरा वाटतो. 1589 ते 1594 या काळात राजा रायसिंहांनी तो बांधला. अनूपमहालातलं सोनेरी काम आणि बादलमहालाच्या भिंतींवर रंगवलेले ढग पाहा. जिथे पाऊस वर्षानुवर्षं हुलकावणी देतो, तिथे राजाने ढग भिंतीवर आणले. गटाबरोबर फिरवणारा मार्गदर्शक घाईत असतो, एकेका दालनात मागे रेंगाळा. पहिल्या महायुद्धातल्या विमानापाशी मुलं हलायला तयार नसतात.

खाण्याबाबत टूरवाल्यांचं हॉटेलातलं रात्रीचं जेवण वगळायला सांगणं चांगलं. रोज तेच पनीर येतं. बाहेर गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी सहज मिळते. दाल-बाटी दुपारी खा, रात्री नको. तुपात बुडवलेली बाटी पचायला जड आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं असतं. जोधपूरचा मिरची वडा सकाळी गरम असताना, मावा कचोरी पाकात न बुडवता बांधून घ्या, पाक वेगळा. बिकानेरी भुजिया घरी न्यायचाच, त्याला भौगोलिक मानांकन आहे.

शेवटचा दिवस परतीच्या गाडीच्या घाईत वाया घालवू नका, जोधपूरची रेल्वे त्याच संध्याकाळची काढू नका. जुनागढ दहाला उघडताच पाहून बाराला निघा, देशनोकला करणीमातेच्या देवळात पाऊण तास द्या. आत अनवाणी जावं लागतं आणि उंदीर पायांवरून जातात, जुने मोजे बरोबर ठेवा. तीनपर्यंत नागौरला पोचलात तर अहिछत्रगढ, म्हणजे तिथला किल्ला, पाहून होतो. पाणी दुर्मीळ असलेल्या या गावात किल्ल्याच्या आत कारंजी, हौद, पाटाचं पाणी आणि हमाम यांची साखळी आहे, आणि तिचं जतन इतक्या संयमाने झालंय की भिंतींवरची फिकट चित्रं नव्याने रंगवलेली नाहीत. गर्दी नाही, दुकानं नाहीत. 1754–55 मध्ये मराठ्यांनी याच किल्ल्याला वेढा घातला होता. आत मारवाडचे विजयसिंह, बाहेर जयाप्पा शिंदे. बोलणी करायच्या मिषाने आलेल्यांनी जयाप्पांना छावणीतच मारलं, आणि वेढा त्यांचे भाऊ दत्ताजी यांनी पुढे चालवला. जयाप्पांची छत्री, म्हणजे समाधी, नागौरजवळच्या ताऊसर गावात आहे. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण सूर्य मावळायच्या आत तिथे पोचायला हवं.